रेल्वे सुरक्षितता : कॅमेऱ्याची साक्ष आणि नागरिकांचे कर्तव्य

(रेल्वे सुरक्षिततेविषयी दिलेल्या एका व्याख्यानाचा मजकूर)



१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याकडे पहिली प्रवासी आगगाडी निघाली. त्यानंतर त्रेचाळीस वर्षांनी, ७ जुलै १८९६ रोजी, मुंबईच्याच वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या हलत्या चित्रांचा खेळ झाला. त्या दिवशी दाखविण्यात आलेल्या सहा लघुपटांपैकी एकाचा विषय होता, स्थानकात येणारी आगगाडी. पडद्यावरची गाडी अंगावर येते आहे असे वाटून युरोपातील प्रेक्षक पळत सुटले, अशी कथा या लघुपटाविषयी सांगितली जाते. अभ्यासक तिला दंतकथाच मानतात. परंतु रेल्वे आणि चलच्चित्र यांचा संबंध किती जुना आहे, हे मात्र त्यावरून ध्यानात येते.

त्याच वर्षी, म्हणजे १५ सप्टेंबर १८९६ रोजी, अमेरिकेतील टेक्सास राज्यात एका रेल्वे कंपनीने जाहिरातीसाठी दोन इंजिने मुद्दाम समोरासमोर धडकविली. तो देखावा पाहण्यासाठी सुमारे चाळीस हजार लोक जमले होते. धडक होताच दोन्ही इंजिनांचे बाष्पपात्र फुटले आणि लोखंडाचे तुकडे गर्दीत जाऊन पडले. किमान दोन प्रेक्षक प्राणास मुकले. छायाचित्रे घेण्यासाठी नेमलेल्या छायाचित्रकाराचा एक डोळा गेला. अपघात हा पाहण्याचा विषय झाला की पाहणाराही सुरक्षित राहत नाही, हा धडा त्या दिवशीच मिळाला होता.

आज स्थानकाच्या छतावर, इंजिनाच्या पुढील काचेमागे आणि जवळजवळ प्रत्येक प्रवाशाच्या खिशात कॅमेरा आहे. रेल्वेच्या अपघातांची चित्रणे घरोघरी पाहिली जातात. पाहणारा क्षणभर हळहळतो आणि पुढच्या चित्रणाकडे वळतो. या चित्रणांतून काही शिकावयाचे असेल तर ती कशी पाहावीत, त्यांत काय दिसते आणि काय दिसत नाही, याचा विचार होणे अगत्याचे आहे.

आकड्यांमागील माणसे

रेल्वे अपघात म्हटले की दोन गाड्यांची टक्कर किंवा रुळांवरून घसरलेले डबे डोळ्यांसमोर येतात. २ जून २०२३ रोजी ओडिशातील बहानगा बाजार स्थानकाजवळ झालेल्या भीषण अपघातात तीन गाड्या सापडल्या आणि दोनशे नव्वदहून अधिक माणसे दगावली. सिग्नल यंत्रणेच्या तारांच्या जोडणीतील चुका त्यास कारणीभूत ठरल्याचे चौकशीत आढळून आले. असे प्रसंग देशाला हादरवून सोडतात. परंतु रोज एकेक, दोनदोन करीत रुळांवर जे मृत्यू होतात, त्यांची वर्षाची बेरीज अशा अपघातांतील बळींपेक्षा कित्येक पटींनी अधिक भरते.

डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील उच्चस्तरीय सुरक्षा आढावा समितीने फेब्रुवारी २०१२ मध्ये आपला अहवाल सादर केला. रूळ ओलांडताना किंवा रुळांवर वावरताना देशात दरवर्षी सुमारे पंधरा हजार माणसे मरण पावतात आणि त्यांपैकी सुमारे सहा हजार एकट्या मुंबईच्या उपनगरी क्षेत्रातील असतात, असे समितीने नमूद केले. हे लोक अनधिकृतपणे रुळांवर आले होते, असे म्हणून हात झटकता येणार नाहीत आणि कोणत्याही सुसंस्कृत समाजाने हा संहार मान्य करता कामा नये, अशा आशयाचे परखड मत समितीने नोंदविले. मुंबई उपनगरी रेल्वेवरील मृत्यू त्यानंतर कमी झाले, तरीही २०२३ या एका वर्षात ते २,५९० होते. याचा अर्थ, दिवसाला सरासरी सात माणसे सकाळी घरून निघाली आणि परत आली नाहीत.

डोळ्यांची फसगत

रूळ ओलांडताना झालेल्या अपघाताचे चित्रण पाहणारा हमखास विचारतो, 'एवढी मोठी गाडी या माणसाला दिसली कशी नाही?' पुष्कळदा ती दिसलेली असते. फसतो तो तिच्या वेगाचा अंदाज.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ हर्शेल लीबोविट्झ यांनी १९८५ मध्ये या फसगतीचे विवेचन केले. आकाराने मोठी वस्तू प्रत्यक्षात असते त्यापेक्षा सावकाश सरकते आहे, असे मानवी दृष्टीला भासते. त्यातच गाडी सरळ समोरून येत असेल तर ती दुरून जागच्या जागी उभी असल्यासारखी वाटते. तिचा आकार भराभर वाढू लागतो तो अगदी शेवटच्या काही क्षणांत. तोवर मनुष्य दोन रुळांच्या मध्ये आलेला असतो.

थोडा हिशेब करून पाहावा. ताशी १०० किलोमीटर वेगाने येणारी गाडी एका सेकंदात सुमारे २८ मीटर अंतर कापते. २८० मीटरवर दिसलेली गाडी दहा सेकंदांत अंगावर येते. खडीवरून, हातात पिशवी किंवा कडेवर मूल घेऊन दोन मार्ग ओलांडावयाचे तर तेवढा वेळ सहज लागतो. पाय अडखळला, चप्पल रुळात अडकली किंवा पलीकडच्या मार्गावर दुसरी गाडी दिसली, की हिशेब चुकला. इंजिनचालकाने ब्रेक लावले तरी वेगात असलेली लांब पल्ल्याची गाडी थांबण्यास साधारणपणे एक किलोमीटर अंतर लागते. पोलादी रुळावर पोलादी चाक फिरताना घर्षण अत्यल्प असते. रेल्वे कमी इंधनात प्रचंड भार वाहू शकते ती याच गुणामुळे आणि चटकन थांबू शकत नाही तीही याच गुणामुळे. शिवाय तिला रस्त्यावरील वाहनाप्रमाणे बाजूला वळता येत नाही.

कानांचा भरवसाही पुरेसा नाही. विजेवर धावणारी गाडी वाफेच्या इंजिनासारखी गाजावाजा करीत येत नाही. तिचा खडखडाट ती जवळ आल्यावरच ठळकपणे ऐकू येतो. कानांत गाणी किंवा संभाषण चालू असेल तर तोही ऐकू येत नाही.

या अभ्यासाचा उपयोग मुंबईत करून पाहण्यात आला. २००९-१० च्या सुमारास मध्य रेल्वेवरील वडाळा परिसरात, जेथे रूळ ओलांडताना पुष्कळ माणसे दगावत होती, तेथे तीन साधे उपाय योजण्यात आले. पहिला, काही स्लीपर पिवळ्या रंगाने रंगविण्यात आले. गाडी हे पट्टे एकामागून एक झाकत येताना दिसली की तिच्या वेगाचा अंदाज डोळ्यांना येतो. दुसरा, एका लांबलचक शिटीऐवजी दोन तुटक शिट्या देण्याची पद्धत घालण्यात आली, कारण मधल्या क्षणिक शांततेमुळे मन सावध होते. तिसरा, गाडीखाली सापडणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावरील भय टप्प्याटप्प्याने दाखविणारी छायाचित्रे लावण्यात आली. त्यानंतर तेथील मृत्यूंत लक्षणीय घट झाली. शब्दांत लिहिलेल्या सूचनेने जे साधले नव्हते, ते रंगाच्या काही डब्यांनी बऱ्याच अंशी साधले.

चालत्या गाडीचा मोह

स्थानकांवरील कॅमेऱ्यांत वारंवार दिसणारे दुसरे दृश्य म्हणजे सुटलेली गाडी पकडणारा किंवा थांबण्यापूर्वीच उतरणारा प्रवासी. ताशी पंधरा किलोमीटर हा वेग सायकलचा वाटतो. परंतु त्या वेगातही गाडी सेकंदाला चार मीटरहून अधिक पुढे सरकत असते. उतरणाऱ्याचे पाय फलाटाला टेकताच थांबतात, धड मात्र गाडीच्या वेगाने पुढे जात राहते. त्यामुळे तो कोसळतो आणि फलाट व डबा यांच्यामधील फटीकडे ओढला जातो. रेल्वे सुरक्षा बलाच्या जवानांनी अशा प्रवाशांना क्षणार्धात खेचून वाचविल्याची चित्रणे देशभर पाहिली गेली आहेत. 'मिशन जीवन रक्षा' या नावाने हे काम चालते. ते जवान कौतुकास पात्र आहेत यात शंका नाही. पण प्रत्येक डब्यासमोर जवान उभा असू शकत नाही. वाचलेल्या एकाचे चित्रण पाहताना, जेथे कोणी धावून येऊ शकले नाही अशा प्रसंगांचेही स्मरण ठेवले पाहिजे.

वांगणीचा प्रसंग

१७ एप्रिल २०२१ रोजी मध्य रेल्वेवरील वांगणी स्थानकात घडलेला प्रसंग कॅमेऱ्याने टिपला. दृष्टिहीन माता आपल्या लहान मुलासह फलाटावरून चालली होती. चालता चालता मूल फलाटाच्या कडेवरून रुळांवर पडले. समोरून उद्यान एक्सप्रेस वेगाने येत होती. आई आवाजाच्या रोखाने चाचपडत होती. त्याच वेळी पॉइंट्समन मयूर शेळके हे रुळांमधून गाडीच्या दिशेने धावत आले, त्यांनी मुलाला उचलून फलाटावर ठेवले आणि स्वतःही वर चढले. दुसऱ्याच क्षणी गाडी तेथून धडधडत गेली. रेल्वे मंत्रालयाने त्यांना पन्नास हजार रुपयांचे पारितोषिक दिले. त्यातील निम्मी रक्कम शेळके यांनी त्या मायलेकरांना देऊ केली. रुळांवर दाखविलेल्या धैर्याइतकेच हे औदार्यही वंदनीय आहे.

या चित्रणाने साऱ्या देशाचे मन हेलावले. मात्र टाळ्या वाजवून झाल्यावर ते पुन्हा एकदा पाहिले पाहिजे. फलाटाच्या कडेने चालण्यावाचून त्या मातेला गत्यंतर का नव्हते? अंध प्रवाशांच्या पायांना धोका जाणवून देणाऱ्या उंचवट्यांच्या फरश्या प्रत्येक लहान स्थानकावर आहेत काय? कड सोडून चालण्यास मोकळी वाट असते काय? शेजारून जाणाऱ्या प्रवाशाने अशा व्यक्तीचा हात धरावयास काय हरकत आहे? एका कर्मचाऱ्याच्या शौर्यावर विसंबून राहण्याची वेळ पुन्हा येऊ नये, हीच त्या शौर्याची खरी कदर होय.

अफवा, गर्दी आणि शेजारचा रूळ

१५ सप्टेंबर १८३० रोजी इंग्लंडमधील लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वेचे उद्‌घाटन झाले. वाटेत गाडी पाण्यासाठी थांबली असता संसद सदस्य विल्यम हस्किसन खाली उतरले आणि शेजारच्या मार्गावरून आलेल्या 'रॉकेट' या इंजिनाखाली सापडून त्यांचा अंत झाला. थांबलेल्या गाडीतून उतरून शेजारच्या रुळावर उभे राहणे ही चूक रेल्वेच्या जन्माइतकीच जुनी आहे.

तीच चूक १९४ वर्षांनी महाराष्ट्रात अनेकांचे प्राण घेऊन गेली. २२ जानेवारी २०२५ रोजी जळगाव जिल्ह्यात पाचोऱ्याजवळ मुंबईकडे येणाऱ्या पुष्पक एक्सप्रेसमध्ये आग लागल्याची अफवा पसरली. साखळी ओढण्यात आली. गाडी थांबताच भयभीत प्रवासी शेजारच्या मार्गावर उतरले आणि समोरून वेगात आलेल्या कर्नाटक एक्सप्रेसने त्यांना चिरडले. किमान बारा प्रवासी मृत्युमुखी पडले. गाडीत आग लागलेलीच नव्हती. दुसऱ्या बाजूने उतरण्याचे भान राहिले असते, किंवा उतरण्यापूर्वी कोणी क्षणभर थांबून खात्री करून घेतली असती, तर त्यांतील बहुतेकांचे प्राण वाचते.

१९ ऑक्टोबर २०१८ रोजी, दसऱ्याच्या संध्याकाळी, अमृतसरमध्ये याहून मोठा अनर्थ घडला होता. रावणदहन पाहण्यासाठी जमलेला जमाव लगतच्या लोहमार्गावर उभा होता. फटाक्यांच्या आवाजात गाडीचा आवाज बुडाला आणि सुमारे साठ माणसे गाडीखाली सापडली. त्या वेळच्या चित्रणांत अनेकांचे हात मोबाइल उंचावलेले दिसतात. ते सारे ज्वाळांचे चित्रण करीत होते. पाठ मात्र रुळांकडे होती.

याच्या उलट अनुभव २७ जुलै २०१९ चा आहे. पुराच्या पाण्यामुळे महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान अडकून पडली. गाडीभोवती पाणीच पाणी होते. खाली उतरू नका, अशी सूचना प्रवाशांना देण्यात आली आणि त्यांनी ती मानली. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, नौदल आणि अन्य यंत्रणांनी सुमारे १,०५० प्रवाशांना सुखरूप बाहेर काढले. त्यांत गरोदर स्त्रियाही होत्या. सूचना वेळेवर मिळाली, ती विश्वासार्ह वाटली आणि लोकांनी धीर धरला, या तीन गोष्टी जुळून आल्या म्हणजे केवढे संकट टळते, याचा हा वस्तुपाठ होय.

दोष नेहमी अज्ञानाचा नसतो

८ मे २०२० ची पहाट मराठवाडा विसरू शकणार नाही. टाळेबंदीच्या काळात जालन्याहून आपल्या गावाकडे पायी निघालेले मजूर भुसावळच्या दिशेने रुळांवरून चालत होते. गाड्या बंद आहेत अशा समजुतीने ते थकून करमाडजवळ रुळांवरच निजले. मालगाडी आली. चालकाने भोंगा वाजविला, ब्रेक लावले, पण अंतर अपुरे पडले. सोळा मजूर मरण पावले. रुळांवर विखुरलेल्या त्यांच्या भाकऱ्यांची छायाचित्रे साऱ्या देशाने पाहिली. 'रुळांवर झोपू नये' एवढाच बोध त्या छायाचित्रांतून घेणे हा त्या मृतांवर अन्याय होईल. रुळांवर येणारा प्रत्येक माणूस बेफिकीर असतोच असे नाही. वस्ती एका बाजूला आणि पाण्याचा नळ, शाळा किंवा बाजार दुसऱ्या बाजूला असेल, जवळपास पूल नसेल, असलेल्या पुलाच्या पायऱ्या म्हाताऱ्या गुडघ्यांना झेपणाऱ्या नसतील, तर माणसे रुळांवरूनच जाणार. म्हणून प्रबोधनाला सोयींची जोड दिल्याशिवाय ते पुरे होत नाही.

फाटकांच्या बाबतीत हे सिद्ध झाले आहे. ३ फेब्रुवारी २००५ रोजी नागपूर जिल्ह्यात कन्हानजवळ रक्षकविरहित फाटकावर वऱ्हाड्यांनी भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉलीला गाडीची धडक बसून पन्नासहून अधिक माणसे दगावली. पुढे ब्रॉडगेज मार्गांवरील सर्व रक्षकविरहित फाटके टप्प्याटप्प्याने काढून टाकण्यात आली आणि जानेवारी २०१९ अखेर ते काम पूर्ण झाले. कोठे पूल, कोठे भुयारी मार्ग, कोठे फाटकावर माणूस, असे उपाय झाले आणि एका प्रकारच्या अपघाताचे मूळच नाहीसे झाले.

उपनगरी प्रवाशांच्या वाट्याला अशी सुधारणा अनेकदा दुर्घटनेनंतरच आली. जानेवारी २०१४ मध्ये घाटकोपर स्थानकात गाडी व फलाट यांमधील फटीत सापडून एका महाविद्यालयीन विद्यार्थिनीचे दोन्ही हात गेले. त्यानंतर फलाटांची उंची वाढविण्याच्या कामास वेग आला. २९ सप्टेंबर २०१७ रोजी त्या वेळच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसे गेली. त्यानंतर सैन्यदलाच्या मदतीने तेथे नवा पूल उभारण्यात आला. ९ जून २०२५ रोजी दिवा व मुंब्रा यांच्या दरम्यान, शेजारून जाणाऱ्या दोन गर्दीच्या गाड्यांच्या दारांत लोंबकळणारे प्रवासी खाली पडले आणि त्या दिवशी चौघांचा मृत्यू झाला. त्यानंतर नव्या लोकल गाड्यांना आपोआप बंद होणारे दरवाजे बसविण्याचा निर्णय जाहीर करण्यात आला. स्वयंचलित दरवाजांची पहिली वातानुकूलित लोकल तर २५ डिसेंबर २०१७ रोजीच मुंबईत सुरू झाली होती. दारात लोंबकळणारा तरुण धाडस करीत आहे की त्याला आत पाय ठेवण्यास जागाच उरलेली नाही, हे चित्रणातून कळत नाही. दोहोंसाठी उपाय मात्र निरनिराळे करावे लागतात.

जिवाचा खेळ आणि चार घटकांची वाहवा

यांहून सर्वस्वी वेगळा प्रकार म्हणजे चित्रण करण्यासाठीच पत्करलेला धोका. २०२४ मध्ये मुंबईच्या हार्बर मार्गावर चालत्या लोकलला लटकून कसरत करणाऱ्या एका तरुणाचे चित्रण सर्वत्र पसरले. रेल्वे सुरक्षा बल त्याचा शोध घेत घरी पोहोचले, तेव्हा एप्रिल महिन्यात तशाच दुसऱ्या कसरतीत त्याचा एक हात व एक पाय गेल्याचे आढळून आले. पहिले चित्रण लाखोंनी पाहिले होते. दुसऱ्या वेळी काय घडले ते त्याचे त्यालाच भोगावे लागले. इतरांनी असे करू नये, असे आवाहन त्यानेच पुढे केले. त्याचे शब्द कोणत्याही घोषवाक्यापेक्षा मोलाचे आहेत.

उभ्या मालडब्यांवर चढून छायाचित्र काढणाऱ्यांना तर शत्रू दिसतही नाही. रेल्वेच्या वरच्या तारांतून पंचवीस हजार व्होल्ट दाबाची वीज वाहते. तारेला हात लागलाच पाहिजे असे नाही. पुरेसे जवळ गेले तरी हवेतून ठिणगी झेपावते. उभी गाडी म्हणजे बंद वीज, हा समज प्राणघातक आहे.

प्रबोधन कसे असावे?

अपघाताचे दृश्य दाखवून लोकांना सावध करण्याचा प्रयत्न नवा नाही. १९७७ मध्ये ब्रिटनच्या सार्वजनिक वाहतूक व्यवस्थेने शाळकरी मुलांसाठी 'द फिनिशिंग लाइन' हा लघुपट काढला. त्यात रुळांवर भरलेल्या काल्पनिक क्रीडास्पर्धेत मुले जखमी होताना व मरताना दाखविली होती. तो इतका भयंकर वाटला की पालकांनी आक्षेप घेतले आणि १९७९ मध्ये तो मागे घेऊन त्याच्या जागी सौम्य लघुपट आणावा लागला. मेलबर्नच्या मेट्रो रेल्वेने २०१२ मध्ये नेमकी उलट वाट धरली. व्यंगचित्रांतील गोंडस पात्रे आणि हसविणारे गाणे यांच्या साहाय्याने तिने मुलांपर्यंत तोच संदेश पोहोचविला आणि तो जगभर गाजला. पश्चिम रेल्वेने नोव्हेंबर २०१९ मध्ये मुंबईत चक्क यमराज रुळांवर उतरविले. रूळ ओलांडणाऱ्याला खांद्यावर टाकून फलाटावर आणणारे हे यमराज पाहून लोक हसले, पण मुद्दा त्यांना पटला. सण, उत्सव आणि लोकनाट्य यांत रमणाऱ्या आपल्या समाजाला हा मार्ग जवळचा आहे.

या प्रयत्नांवरून असे दिसते की निव्वळ भीती फार काळ टिकत नाही. रोज रूळ ओलांडणाऱ्याला 'काल काही झाले नाही' हा अनुभव भित्तिपत्रकापेक्षा खरा वाटतो. म्हणून शिक्षण लवकर, शाळेतच सुरू झाले पाहिजे. लोहमार्गालगतच्या शाळांनी वर्षातून एक दिवस तरी गाडीचा वेग, थांबण्याचे अंतर आणि विजेच्या तारा यांविषयी पाठ घ्यावा. ग्रामपंचायती, महिला मंडळे, गणेशोत्सव मंडळे आणि प्रवासी संघटना यांनी आपल्या भागातील धोक्याची ठिकाणे हेरून ती रेल्वेला लेखी कळवावीत.

कॅमेऱ्याचा खरा उपयोग

चित्रणाचे मोल तपासासाठी आणि सुधारणेसाठी फार मोठे आहे. २४ जुलै २०१३ रोजी स्पेनमधील सँतियागो दे कॉम्पोस्तेला शहराजवळ ताशी ८० किलोमीटरची मर्यादा असलेल्या वळणावर गाडी ताशी सुमारे १७९ किलोमीटर वेगाने शिरली आणि उलटली. रुळांलगतच्या कॅमेऱ्याने टिपलेले ते दृश्य जगभर पाहिले गेले. चालक अपघाताच्या काही क्षण आधी गाडीतील कर्मचाऱ्याशी दूरध्वनीवर बोलत होता, हे तपासात उघड झाले. पण तेवढ्याने प्रश्न संपला नाही. एका माणसाचे लक्ष क्षणभर विचलित झाले तर गाडी आपोआप थांबविणारी यंत्रणा त्या वळणावर का नव्हती, हा खरा प्रश्न ठरला. भारतात 'कवच' ही अशीच स्वदेशी यंत्रणा आहे. चालकाकडून लाल सिग्नल ओलांडला जात असेल किंवा वेगमर्यादा मोडली जात असेल तर ती स्वतः ब्रेक लावते. मात्र रुळांवर अचानक आलेल्या माणसाला 'कवच' वाचवू शकत नाही, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

प्रत्येक अपघाताचा एक साक्षीदार असा असतो की ज्याचा विचार क्वचितच होतो. तो म्हणजे मोटरमन किंवा इंजिनचालक. भोंगा वाजविणे आणि ब्रेक लावणे यापलीकडे त्याच्या हाती काही नसते. समोरच्या माणसाचा चेहरा त्याला दिसतो आणि पुढे कित्येक रात्री तो चेहरा त्याची पाठ सोडत नाही. घाईने रूळ ओलांडणारा आपल्याबरोबर आणखी एका माणसाला जन्माचे दुःख देऊन जातो.

कायदा आणि कर्तव्य

१९८९ च्या रेल्वे अधिनियमाने रेल्वेच्या हद्दीत अनधिकृतपणे शिरणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा ठरविल्या. टपावरून व पायरीवरून प्रवास करणे, तसेच विनाकारण साखळी ओढणे हेही अपराध ठरविले. गाडीतून अपघाताने पडलेल्या प्रवाशाला अथवा त्याच्या वारसांना नुकसानभरपाई मागता येते. रूळ ओलांडताना प्राण गमावलेल्याच्या कुटुंबाला मात्र तो आधारही बहुधा मिळत नाही. कर्ता माणूस जातो आणि घर उघड्यावर पडते.

अपघात समोर घडला तर काय करावे? मोबाइल हाती असेल तर प्रथम चित्रण न करता १३९ या रेल्वेच्या किंवा १५१२ या लोहमार्ग पोलिसांच्या क्रमांकावर कळवावे. गाड्या थांबल्या आहेत याची खात्री केल्याशिवाय रुळांवर उतरू नये, नाहीतर मदतीस गेलेलाच बळी ठरेल. जखमीच्या दृष्टीने पहिला तास अमूल्य असतो. रेल्वे अपघातात स्वतःचे पाय गमावलेल्या एका कार्यकर्त्याने न्यायालयात दीर्घकाळ पाठपुरावा केला आणि त्यामुळे मुंबईतील स्थानकांवर तातडीच्या वैद्यकीय कक्षांची व रुग्णवाहिकांची सोय होण्यास चालना मिळाली. त्या सोयींची माहिती प्रत्येक प्रवाशाने करून घ्यावी.

चित्रण झालेलेच असेल तर ते पोलिसांच्या स्वाधीन करावे. ते गावभर फिरवू नये. त्या चित्रणातील माणूस कोणाचा तरी मुलगा, कोणाची तरी आई असते आणि घरच्यांना आपल्या माणसाच्या मृत्यूची वार्ता अनोळखी व्यक्तीच्या मोबाइलवरून कळणे याहून क्रूर गोष्ट नाही. जे चित्रण प्रबोधनासाठी दाखवावयाचे असेल, त्यात मृताची ओळख झाकलेली असावी आणि तो अपघात कशामुळे घडला व कसा टळला असता, हे त्यासोबत सांगितलेले असावे. एवढे पथ्य पाळले तरच पाहणाऱ्याला काही शिकावयास मिळेल.

पूल बांधणे, कुंपण घालणे, गाड्या वाढविणे, दरवाजे बंद ठेवणे हे शासनाचे व रेल्वे प्रशासनाचे काम आहे आणि ते वेळेत व्हावे यासाठी जनतेने आग्रही राहिले पाहिजे. बांधलेला पूल वापरणे, गाडी पूर्ण थांबेपर्यंत थांबणे, अफवेवर विश्वास न ठेवणे आणि शेजारच्या वृद्धाला, अंधाला, मुलाला हात देणे हे मात्र आजच, कोणत्याही मंजुरीवाचून करता येण्यासारखे आहे. पुलावरून जाण्यास चार मिनिटे अधिक लागतात. घरी वाट पाहणाऱ्यांना ती चार मिनिटे मुळीच जड जाणार नाहीत.